हात मागे, साहेब

"हात मागे, ताई."

पहिल्याच दिवशी वर्गावरचे सर मला असं बजावतात म्हणून माझा पारा चढला होता. झालं होतं इतकंच, की सहा वर्षांची एक मुलगी चटईवर बसून मण्यांची साखळी मोजत होती. मधला एक मणी तिच्या बोटाखालून सुटला, तो मला दिसला आणि माझा हात आपसूक पुढे गेला. सर वाकले, माझ्या कानाशी तेवढंच बोलले आणि पुढे निघून गेले. साखळी संपली तेव्हा मुलीच्या हातातली शेवटच्या आकड्याची चिठ्ठी जागेवर बसेना. तिनं कपाळाला आठ्या घातल्या, सगळ्या चिठ्ठ्या गोळा केल्या आणि पहिल्या मण्यापासून पुन्हा सुरू केलं. तिला कोणी काही म्हटलं नव्हतं.

सरांचे स्वतःचे हात कायम मागे असत. डावं मनगट उजव्या पंजात घट्ट धरलेलं. माणूस उंच, हाडापेरानं आडवा, पंजे भाकरीएवढे. एवढं धूड लहान मुलांच्या चटयांमधून फिरायचं, पण एकाही चटईची कड कधी दुमडली नाही. मी एकदा विचारलं की सर, तुम्ही सारखे असे हात बांधून का असता. म्हणाले, "माहे हात लय चावट हायेत ताई. सोडले का पोट्ट्यायचं काम करून टाकतात."

आधीच सांगून ठेवते, मला या सगळ्याचा राग आहे. दोन वर्षं झाली तरी तो गेलेला नाही आणि पुढे जागोजागी तो सांडणार आहे. सरांना राग येत नसे, म्हणून त्यांच्या वाटणीचाही मीच करते.

शाळा अमरावतीची. नाव सांगत नाही, कारण तशी शाळा तुमच्याही गावात आहे. फाटकावरचा बोर्ड पाहा. त्यावर 'मॉन्टेसरी' हा शब्द शाळेच्या नावापेक्षा मोठा असेल, शेजारी हसरा सूर्य असेल, आणि आत गेलात तर बाकांच्या रांगांवर तोंडावर बोट ठेवून बसलेली मुलं असतील. आमच्याकडे मात्र काही वर्षं त्या शब्दाला साजेसा एक वर्ग खरोखर चालत होता. पहिली ते तिसरीची मुलं एकाच खोलीत. बाकं नाहीत, घंटा नाही, भिंतीला लागून बुटक्या मांडण्या आणि त्यांवर मणी, अपूर्णांकांची वर्तुळं, नकाशांचे लाकडी तुकडे, पानांच्या आकारांच्या चकत्या. मुलानं काम निवडायचं, आपली चटई अंथरायची, करायचं आणि होतं तसं जागेवर ठेवून द्यायचं. प्रत्येक वस्तू एकच. दुसऱ्याला हवी असेल तर त्यानं थांबायचं, आणि थांबायचं ते हात मागे बांधून. सरांची सवय मुलांनी अशी उचलली होती.

मी अकोल्याची. तिथल्या शाळेत मी आठ वर्षं घसा कोरडा करून पाढे म्हणवून घेतले होते. लग्नानंतर इकडे आले आणि सरांची मदतनीस म्हणून या खोलीत पाऊल टाकलं तेव्हा मला वाटलं, मधली सुट्टी झालेली दिसते. कोपऱ्यात दोघं जण कागदावर वाक्य लिहून त्यातल्या प्रत्येक क्रियापदावर लाल गोल काढत होते. तिसरीतला एक मुलगा पहिलीतल्या मुलीला हातच्याचा हिशेब मण्यांनी दाखवत होता आणि दाखवता दाखवता स्वतःच अडकला होता. एक जण नुसता खिडकीतून मुंग्या पाहत होता. मी सरांना म्हटलं, हा काहीच करत नाहीये. सर म्हणाले, "पाहून राहिला ना." तो मुलगा दुपारी मुंगीचे पाय मोजून आला आणि त्यानं तिचं चित्र काढलं. त्या चित्रावरून आठ पायांचा कोळी हा किडा आहे की नाही यावर असं भांडण पेटलं की ते आठवडाभर विझलं नाही.

सर आधी जिल्हा परिषदेच्या शाळेत होते. सरकारी नोकरी सोडणारा माणूस आमच्या वऱ्हाडात एक तर आजारी असतो, नाही तर निवडणुकीला उभा राहणार असतो. सरांनी ती सोडली, पन्नाशीच्या उंबरठ्यावर पुन्हा विद्यार्थी होऊन हे शिक्षण घेतलं आणि अंजनगाव सुर्जीहून बिऱ्हाड घेऊन अमरावतीत आले. भाऊबंदांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यांच्या बायकोनं मला एकदा चहा देताना हसत हसत सांगितलं, "नोकरी सोडली तं सोडली, आता घरी भाजीबी निवडू देत नाईत. म्हन्ते पोराले निवडू दे. पोरगं गड्डीभर मेथीले दोन घंटे लावते."

त्यांच्या तोंडून 'शाब्बास' मी कधी ऐकलं नाही. 'चूक'ही नाही. मूल कागद घेऊन आलं की सर विचारायचे, "तुले काय वाटते?" सुरुवातीला मला हे निष्ठुरपणाचं वाटे. पोर आशेनं तोंडाकडे पाहतंय, दोन गोड शब्द बोलायला काय जातं? पण मग माझ्या लक्षात आलं की वर्षभरानंतर ती मुलं सरांच्या तोंडाकडे पाहतच नाहीत. ती कागदाकडे पाहतात.

एकदा त्यांनी मैदानात काळ्या कापडाची लांबच लांब पट्टी उलगडली. फाटकापासून निघून ती पाण्याच्या टाकीपर्यंत गेली. ही पृथ्वीची आतापर्यंतची उमर, तुम्ही चालून पाहा, एवढंच सांगितलं. मुलं चालली, चालली, दमली. अगदी शेवटी, टाकीजवळ, काठाला एक पांढरी रेघ शिवलेली होती, सुतळीएवढी. तो माणूस. मुलं त्या रेघेभोवती उकिडवी बसून राहिली. एकानं विचारलं, "सर, यात अमरावती कुठी हाये?" त्या दिवशी सर मोठ्यानं हसले, वर्षातून एकदा हसावं तसे. मला तर वाटतं, संस्थेच्या सगळ्या पदाधिकाऱ्यांना त्या पट्टीवरून भर उन्हात अनवाणी चालवायला हवं होतं.

आता संत्र्याची गोष्ट.

मेहेक आमच्या वर्गात दुसरीत होती. तिचे अब्बा फळांचे व्यापारी, मंडईत गाळा. डिसेंबरात आंबिया बहराची संत्री भरात होती आणि रोज तिच्या डब्यात एक संत्रं असायचं. एक दिवस ते सोलताना तिनं विचारलं, "सर, सगळ्या संत्र्यायमंधी फोडी सारख्याच असतात का?"

दुसऱ्या कुठल्याही शाळेत या प्रश्नाचं आयुष्य किती? 'आधी डबा संपव' एवढंच. सर म्हणाले, "मलेबी पाहा लागन." दुसऱ्या दिवशी तिच्या अब्बांनी वर्गात एक पेटी पाठवली, आणि सोबत निरोप, की गुरुजी, हयात गेली संत्रं विकन्यात, पन फोडी आमच्या खानदानात कोनी मोजल्या नाईत, मोजून झाल्या का आमालेबी सांगा.

पुढचे दोन आठवडे आमच्या खोलीला फक्त संत्र्याचा वास होता. दहा फोडी तिघांत वाटताना एक उरली. त्या एका फोडीचं काय करायचं यावरून आधी रुसवे झाले, मग मांडणीवरची अपूर्णांकांची वर्तुळं निघाली. सालीचे तुकडे खिडकीत वाळत पडले आणि रोज तराजूत चढले. झाड कसं असतं, फूल कसं असतं, फुलाचं फळ कुठून होतं, म्हणून चित्रं झाली. संत्री जातात कुठे, म्हणून मेहेक घरून विचारून आली. दिल्ली आणि बांगलादेश. लगेच आशियाच्या नकाशाचे लाकडी तुकडे जमिनीवर आले आणि बांगलादेश हातात धरून एक मुलगा म्हणाला, हे तर फोडीएवढंच आहे. गणित कुठे संपलं आणि भूगोल कुठे सुरू झाला हे तुम्ही मला विचाराल तर मला सांगता येणार नाही. मुलांना तर नाहीच.

पण मोजणी मेहेकचीच होती. दुसऱ्या कोणाला तिनं हात लावू दिला नाही. ती संत्रं सोलायची, फोडी चटईवर ओळीत मांडायची आणि मोजायची. आणि दर वेळी त्या दहा भरायच्या.

त्या कशा भरायच्या हे मी आणि सरांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. संत्र्यात दोन जाड फोडींच्या मध्ये एखादी कागदासारखी बारीक फोड दबलेली असते, तुम्हीही पाहिली असेल. मेहेक तिला 'पिल्लू' म्हणायची. पिल्लू म्हणजे काही फोड नव्हे. फोडी मांडायच्या आधी ते तोंडात टाकायचं, मग मोजायचं. एखाद्या संत्र्यात तरीही अकरा भरल्या तर ती त्यातली सगळ्यात सडपातळ फोड शोधायची, हेही पिल्लूच आहे म्हणायची आणि खाऊन टाकायची. एकदा नऊच निघाल्या. ते संत्रं तिनं कच्चं ठरवून बाजूला ठेवलं.

शेवटी तिनं मोठा कागद घेतला आणि सुंदर अक्षरात लिहिलं, 'सगळ्या संत्र्यात दहा फोडी असतात. हा नियम मेहेकने शोधला.' कागद तिनं स्वतः भिंतीवर लावला.

मी अस्वस्थ झाले. मुलं घरी गेल्यावर सरांना म्हटलं, सर, हे धडधडीत खोटं आहे आणि ते आपल्या भिंतीवर आहे. सर कागदासमोर हात मागे बांधून उभे होते. म्हणाले, "तिनं नियम केला ना ताई. आता तिचा तिनंच मोडला पायजे. आपुन मोडला तं तिले एवढंच समजन का मोठ्या मानसायले जास्त समजते. अन् ते तं तिले अगोदरच मालूम हाये."

मग ती पिल्लू कधी मोजणार, मी विचारलं.

"मोजन. संत्रं कुठी जाते?"

त्याच आठवड्यात शाळेचा पालक दिवस आला. पुढच्या वर्षीच्या प्रवेशासाठी आलेले लोक, सजलेली शाळा, आणि त्यांना फिरवायला संस्थेचे अध्यक्ष स्वतः. त्यांचा नातू आमच्याच वर्गात पहिलीला होता. अध्यक्षांनी मॉन्टेसरीवर केलेली भाषणं मी ऐकली आहेत, ती चांगली असतात. मुलाला स्वातंत्र्य द्या, मुलाला चुका करू द्या. टाळ्या पडतात. फक्त एखाद्या मुलानं खरोखर चूक केली आणि ती पाहुण्यांना दिसली, की भाषणाचं बोट सुटतं.

पाहुण्यांपैकी कोणीतरी तो कागद मोठ्यानं वाचला आणि हसला. अध्यक्षांचा चेहरा उतरला. असं कसं लावलं हो भिंतीवर, असं ते सरांना म्हणाले. दुसऱ्या एका पाहुण्यानं मोबाइलमध्ये पाहून जाहीर केलं की नऊ ते बारा. अध्यक्षांनी खिशाचं लाल पेन काढलं आणि कागदाकडे हात नेला. मेहेक तिथेच उभी होती, आपला नियम दाखवायला सकाळपासून नवा फ्रॉक घालून.

"हात मागे, साहेब," सर म्हणाले.

त्यांनी मुद्दाम म्हटलं नव्हतं. मला जसं म्हणायचे, सवयीनं, हळू आवाजात, तसंच ते निघालं होतं. पण खोलीतल्या सगळ्या मुलांनी ते ऐकलं आणि झटकन आपापले हात मागे घेतले. मुलांचं पाहून दोन-तीन पाहुण्यांनीही घेतले. मध्ये एकटे अध्यक्ष, पेन हवेत धरून. त्यांचा नातू हात मागे बांधून पुढे आला आणि आजोबांना समजावणीच्या सुरात म्हणाला, "आबा, ते मेहेकचं काम आहे."

अध्यक्षांनी 'दहा' खोडलं, वर '९ ते १२' लिहिलं आणि पेन खिशाला लावलं.

उत्तर बरोबर होतं. माझी चीड इथेच आहे. उत्तर चुकीचं असतं तर निदान भांडता आलं असतं. दोन आठवडे एका सात वर्षांच्या मुलीनं जे वेचून वेचून गोळा केलं होतं, ते एका माणसानं लाल शाईनं एका क्षणात बरोबर करून टाकलं. आणि पिल्लू का मोजायचं हे तिला कळलं नाही ते नाहीच. तिला एवढंच कळलं की आपण हसण्यासारखं काहीतरी लिहिलं होतं.

संक्रांतीच्या आत सरांना बोलावणं आलं. तक्रारी पुष्कळ निघाल्या, कुठे दडवून ठेवल्या होत्या कोण जाणे. गृहपाठ देत नाहीत. वेगवेगळ्या वयाची मुलं एकत्र बसवतात. भिंतीवर चुकीची माहिती लावतात. आणि सगळ्यात भारी तक्रार, वर्गात वऱ्हाडी बोलतात. एक आई रडकुंडीला येऊन म्हणाली होती, की माझा मुलगा घरी येऊन 'मले भूक लागली' म्हणतो. अहो बाई, त्याला भूक लागली आहे, आधी त्याला जेवायला द्या! त्याची आजी तुमच्याच घरात दिवसभर त्याच भाषेत बोलते, तिला कोणत्या शाळेतून काढणार आहात? हे मी बोलले नाही, कारण मला त्या बैठकीला बोलावलंच नव्हतं.

हात मागे घ्यायला सांगितल्याचा उल्लेख कोणीच केला नाही, असं सरांनी मला नंतर सांगितलं. आम्ही यापुढे आधुनिक पद्धतीनं जाणार आहोत, आपण मोकळे आहात, इतकंच त्यांना ऐकवलं गेलं. मेहेकनं जे संत्र्यासोबत केलं तेच संस्थेनं सरांसोबत केलं. जे आपल्या आकड्यात बसत नाही, ते मोजायचंच नाही. पण मेहेक सात वर्षांची होती आणि तिचा अजून तपास चालू होता.

शेवटच्या दिवशी सरांनी भाषण केलं नाही. मुलांबरोबर एकेक वस्तू पुसून मांडणीवर ठेवली. सगळी गेली तरी मेहेक थांबली होती. ती सरांसमोर उभी राहिली. तिच्या मनात काय आहे हे मला तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"सर, तुमी माह्या कागदामुळं चाल्ले का?"

सर खाली बसले, जमिनीवर, तिच्या उंचीला. मुलाशी बोलताना त्यांचे ते भाकरीएवढे पंजे पुढे आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. ते त्यांनी मांडीवर ठेवले. "नाई वो माय. तुह्या कागदानं नाई. मी माह्या तोंडानं चाल्लो."

तिनं ते मनात घोळवलं. मग विचारलं, "माहा नियम चूक हाये का?"

मी मनात ओरडत होते, सांगा तिला, आता तरी सांगून टाका. उद्यापासून तुम्ही नाही. ही कोणाला विचारणार? सरांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाले, "तू काय पाह्यलं?"

"दहाच पाह्यल्या."

"मंग पाहत राय. मृगाचं संत्रं येईन ना आता, तेबी पाय."

सर गेले. फेब्रुवारीत खोलीत बाकं आली, रांगेत. चटया जिन्याखाली गेल्या. मणी, नकाशे, वर्तुळं हे सगळं सामान कार्यालयात काचेच्या कपाटात लागलं, कुलूप घालून, आत छोटे दिवे सोडून. प्रवेशासाठी आलेल्या पालकांना ते दाखवतात. मुलांना हात लावायची परवानगी नाही, वस्तू खराब होतात म्हणून. फाटकावरचा बोर्ड मात्र नवा झाला, शब्द आणखी मोठा झाला. आणि कळस म्हणजे मेहेकचा तो कागद, लाल शाईसकट, चौकटीत घालून कार्यालयाबाहेर टांगला. खाली छापील पट्टी, 'आमचे बालसंशोधक'. बालसंशोधकाच्या अक्षरावर काट आहे हे चौकट करणाऱ्यालाही खटकलं नाही.

तुम्ही विचाराल, मी का राहिले. मुलं तिथे होती म्हणून राहिले. शिवाय कोणीतरी हे सगळं पाहायला हवं होतं.

मार्च लागला आणि मंडईत मृग बहराची, म्हणजे पावसाळ्यात फुलून धरलेली, संत्री आली. एका मधल्या सुट्टीत मेहेक धावत माझ्याकडे आली. मूठ घट्ट मिटलेली. माझा तळहात पुढे करायला लावून तिनं त्यावर काहीतरी ठेवलं. पिल्लू होतं, अर्धं उघडलेलं. त्यात एक बी होती, तांदळाच्या कणीएवढी.

"ताई, पिल्लूत बी निघाली."

दुसरा हात मी मागे नेला आणि साडीचा काठ मुठीत धरला.

ती माझ्याशी नव्हे, त्या बीशी बोलत होती. "बी फोडीत असते. मंग हे फोडच हाये. बारीक हाये, पन फोडच हाये." मग तिचे डोळे मोठे झाले. "ताई, म्हंजे माह्या सगळ्या संत्र्यायचं चुकलं." आणि असं म्हणताना ती हसत होती. मी आठ वर्षं अकोल्यात शिकवलं, स्वतःची चूक सापडल्यावर एवढं आनंदलेलं पोर मी त्या आठ वर्षांत पाहिलं नव्हतं.

तिला तिचा कागद हवा होता, सुधारायला. आम्ही दोघी कार्यालयाबाहेर गेलो. चौकट भिंतीत स्क्रूनं पक्की केलेली. तिनं खालूनच मान वर करून लाल आकडे वाचले. म्हणाली, हे ज्यांनी लिहिलं त्यांनी कोणती संत्री पाहिली होती? मला माहीत नाही, मी म्हटलं. ती वर्गात गेली आणि वहीचं पान फाडून लिहून आणलं. 'पिल्लू पण फोड आहे. कारण त्यात बी असते. आधी मी ते मोजले नाही. आता पहिल्यापासून मोजायचे आहे. मेहेक.'

ते पान आता त्या चौकटीच्या काचेवर, बरोबर लाल शाईवर, चिकटपट्टीनं चिकटलेलं आहे. शिपायानं एकदा काढलं होतं, मी त्याला दुसरी चिकटपट्टी आणून दिली आणि त्यानं पुन्हा लावलं. अध्यक्ष त्याच्यावरून रोज जातात. वाचत नसावेत.

पान लावलं त्याच संध्याकाळी मी सरांना फोन केला. ते आता अंजनगावला भावाच्या कृषी केंद्रात बसतात. असा माणूस बियाण्याच्या पिशव्या आणि फवारणीची औषधं विकतो आणि आमच्या कार्यालयात त्याचे मणी दिव्यांखाली चमकतात. मी त्यांना सगळं सांगितलं, बी, पान, चौकट, सगळं. मागे कोणीतरी उन्हाळी मुगाचं बियाणं मागत होतं. सर त्याला थांब म्हणाले.

मग त्यांनी एकच गोष्ट विचारली. "पान कोनं लावलं? तुमी का तिनं?"

"तिनंच लावलं, सर. तिचा हात पोचेना, म्हणून मी फक्त स्टूल धरलं होतं."

"स्टूल धराले चालते, ताई," ते म्हणाले.